चौकटीत न बसणारे कान

९ जानेवारी

नेत्रा नापास झाली. अभ्यासात नाही, कानात.

बंदरातल्या एका कंपनीत क्रेन चालवायच्या जागा निघाल्या होत्या. या वेळी मुलींनाही घेणार होते. आमच्या नेत्राचा मेकॅनिकलचा डिप्लोमा झालेला. लेखी परीक्षेत ती वर आली, मुलाखतीत वर आली, उंच शिडी चढून दाखवायची होती ती तर हसत चढली. आज शेवटची डॉक्टरी तपासणी. डोळे चांगले, रक्त चांगलं. ऐकणंही चांगलं निघालं. काचेच्या खोलीत बसवून बारीक बारीक आवाज ऐकवतात, तिने सगळे ओळखले. त्यानंतर कानात रबरी बोंडू घालून दुसरं एक मशीन लावलं, आणि त्या मशीनने लाल अक्षरांत सांगितलं की कानाच्या पडद्यामागे दोष आहे. 'तात्पुरती अपात्र.' सहा आठवड्यांत कानाच्या दवाखान्याचा दाखला आणला तर विचार करू, नाहीतर जागा दुसऱ्याला.

मी गेटबाहेर माझा कंटेनरचा ट्रेलर लावून थांबलो होतो. ती केबिनमध्ये चढली आणि घर येईपर्यंत एक शब्द बोलली नाही. बोलली असेल तर मला समजलं नाही. इंजिनचा आवाज होता.

संध्याकाळी देवापुढे दिवा लावला. देवाला नमस्कार करावा आणि कामाला लागावं, मागू नये, असं माझ्या वडिलांचं सांगणं. आज मागावंसं वाटलं. मागितलं नाही.

१० जानेवारी

कंपनीच्या डॉक्टरांना भेटायला नेत्राबरोबर गेलो. माणूस सभ्य आहे. त्यांनी कागदावर चित्र काढून दाखवलं. कानाच्या आत पडदा, पडद्यामागे तांदळाएवढी हाडं. मशीन कानात हवेचा दाब कमीजास्त करतं. पडदा मोकळा हलला तर मशीनवरची रेघ डोंगरासारखी वर जाते. चांगल्या कानाचा डोंगर कुठे यायला हवा त्याची ठिपक्यांची चौकट मशीनमध्येच आखलेली असते. नेत्राचा डोंगर बुटका. टोक चौकटीपर्यंत पोचतच नाही.

"पडदा ताठ वाटतोय," ते म्हणाले. "आतलं हाड कडक होण्याचा एक आजार असतो. बायकांमध्ये जास्त दिसतो. आज ऐकू येतंय, उद्या येईलच असं नाही. आणि हा आजार घराण्यात उतरतो. तुमच्या घरात कोणाला कमी ऐकू येतं का?"

"नाही साहेब. कोणालाच नाही," मी ठामपणे म्हटलं.

त्यांनी हेच दोनदा विचारलं असावं. कारण मी चित्र बघत असताना ते काहीतरी बोलले, मी "हो, चहा चालेल" म्हटलं, आणि ते नेत्राकडे बघायला लागले. नेत्रा खाली फरशीकडे बघत होती.

बाहेर आल्यावर ती म्हणाली, "बाबा, यापुढे दवाखान्यात मी आईबरोबर जाईन. तुम्ही नका येऊ."

मी कुठे चुकलो ते विचारलं नाही. पण लागलं.

११ जानेवारी

सकाळी ताई आली. माझी मोठी बहीण, सोनूबाई. गावातच दिली, समोरच्या आळीत. नवरा गेल्यापासून दिवसाचा अर्धा वेळ आमच्या ओटीवर असते. तिच्या कानाची गावाला धास्ती आहे. खाडीच्या पलीकडे नवराबायको भांडले तर चूक कोणाची ते ताई इकडे बसून सांगते.

तिने सगळं ऐकून घेतलं आणि हात ओवाळला. "आपले घरान बहिरा कोन नाय हाय! आय नवती, बा नवता, मी नाय. सांग त्या डॉक्टरला!"

यावर का कोण जाणे, सगळे माझ्याकडे बघायला लागले. ताईचा मुलगा अल्पेश चहा पीत होता. त्याचे दोन ट्रेलर आहेत, त्यातला एक मी चालवतो. तो कपात बघून काहीतरी पुटपुटला. ताईने त्याच्या पाठीत धपाटा घातला आणि सगळे हसले. मीही हसलो. मागाहून हिला, नेत्राच्या आईला विचारलं, काय म्हणाला तो? ही म्हणाली, "काही नाही, जेवा."

हल्लीची मुलं तोंडातल्या तोंडात बोलतात.

१४ जानेवारी

संक्रांत. घरी हळदीकुंकू होतं. बातमी गावभर गेली आहे. येणारी प्रत्येक बाई नेत्राच्या कानाशी वाकून ओरडत होती.

"नेत्रा! तिळगूळ घे! तिळगूऽळ!"

"काकू, मी समोरच उभी आहे."

"हां हां! त्रास नको करून घेऊस!"

ती हसून सगळ्यांना हलव्याच्या वाट्या देत होती. आत जाऊन मात्र तिने पिंपातलं पाणी काढताना तांब्या असा आपटला की ओटीवरच्या बायकांना कळलं. मला हिने सांगितलं.

नागावहून एक स्थळ येणार होतं, वाडी आहे त्यांची, पर्यटकांना खोल्या देतात. त्यांचाही फोन आला. सध्या थांबू म्हणाले. नेत्राला त्याचं काही वाटलं नाही. ती म्हणाली, "मला खोल्या झाडायच्या नाहीयेत, मला क्रेन चालवायची आहे." हिला मात्र फार वाटलं.

१९ जानेवारी

उद्या पनवेलला तपासणी. तिथल्या दवाखान्यात कानाची तपासणी पूनम मॅडम करतात, त्यांचं नाव चांगलं आहे.

दिवेलागणीला ताई पळी घेऊन आली. खोबरेल तेलात लसूण कडकडवून, कोमट करून आणलेलं.

"पडदा ताठ हाय ना? मग तेल घाला. दार करकरला त बिजागरीन तेल घालतो का नाय आपून?"

"आत्या, नको. उद्या तपासणी आहे," नेत्रा म्हणाली.

"म्हनून त घालतंय! उद्या मऊ व्हईल पडदा."

मला ते पटलं. लहानपणी आमच्या सगळ्यांच्या कानांत आई असंच तेल घालायची, आणि मिठागरातल्या खाऱ्या वाऱ्यातसुद्धा कोणाचा कान कधी दुखला नाही. नेत्राचं डोकं मीच मांडीवर धरलं. एक कान, मग दुसरा, वर कापसाचे बोळे. घरभर लसणाचा वास. लेक बऱ्याच दिवसांनी मांडीवर डोकं ठेवून पडली होती. मी हळूच थोपटलं.

२० जानेवारी

मी न्हावा बंदरावर गाडी लावून आलो तोवर दोघी परतल्या होत्या. चेहऱ्यावरूनच कळलं.

तपासणी झालीच नाही. कान तेलाने भरलेले. मशीन लावलं तर डोंगर सोडा, रेघ मिठागरासारखी सपाट. मॅडमनी बराच वेळ बसून दोन्ही कान साफ केले, लसणीची एक पाकळीसुद्धा निघाली. आतली कातडी लाल झाली आहे, दहा दिवस काही करता येणार नाही.

"कोणी घातलं हे?" त्यांनी विचारलं.

"आत्याने," नेत्रा म्हणाली.

"माझी पेणची आजीही हेच करते. तुमच्या आत्याला सांगा, कान म्हणजे बिजागरी नव्हे."

बिजागरीचं त्यांना कसं कळलं देव जाणे. सगळ्या आत्या हेच म्हणत असतील.

सहा आठवड्यांतले दहा दिवस तेलात गेले. ताईवर फार राग आला. पण डोकं मी धरलं होतं.

२३ जानेवारी

आज यार्डात रांगेत उभं असताना वर बघत होतो. क्रेनची केबिन आकाशात टांगल्यासारखी दिसते. खाली काचेची फरशी असते म्हणे, पायांखाली सगळं दिसतं. तिथे माझी मुलगी बसणार.

खरं लिहितो. तिला अपात्र केलं त्या दिवशी वाईट वाटलंच, पण मनाच्या एका कोपऱ्यात कोणीतरी सुस्कारा टाकला. बरं झालं, जमिनीवर राहील, डोळ्यांसमोर राहील. तो सुस्कारा माझाच होता. त्यासाठी तिच्या कानात दोष असला तरी चालेल, इथवर माझं मन गेलं होतं का? बराच वेळ विचार केला. गेलं असावं.

घरी येताना गावदेवीच्या देवळात थांबलो. मागणं नव्हतं. हे तेवढं सांगून आलो.

२७ जानेवारी

पूनम मॅडमचा निरोप आला. घराण्याचा प्रश्न आहे, तर येताना घरातल्या बायकांनाही घेऊन या, आईला आणि आत्यालाही. सगळ्यांचे कान बघू.

मी म्हटलं, मीही येतो, मी बाप आहे. ही म्हणाली, "तुम्ही कशाला? गाडीला खाडा नको." नेत्रा म्हणाली, "बायकांना बोलावलंय, बाबा." अल्पेश म्हणाला, "मामा, त्या दिवशी मोठं भाडं आहे." मी विचारलं कुठलं, तर त्याला पटकन गाव सुचेना.

हे सगळे मला का टाळतात? त्या दिवशी डॉक्टरांकडे मी काही वावगं बोललो नव्हतो. एक चहा मागितला.

३० जानेवारी

आज पुष्कळ लिहायचं आहे.

सकाळी अल्पेशची गाडी दारात आली तेव्हा मी कपडे करून तयारच होतो, जाऊन पुढच्या सीटवर बसलो. ही मला उतरवायला निघाली. ताई मागून म्हणाली, "बसूं द्या त्याला. बाप हाय तो."

पूनम मॅडम पस्तिशीच्या असतील. आधी नेत्रा. कान स्वच्छ, पडदा दिसायला छान. मशीन लावलं, डोंगर पुन्हा बुटका, टोक चौकटीच्या खाली. मग नेत्राची आई. तिचाही डोंगर तसाच. मग ताई. ताईच्या कानाचं भोक इतकं लहान की मॅडमनी सगळ्यात बारीक बोंडू शोधून काढला, आणि ताईचा डोंगर म्हणजे नुसतं वारूळ.

"तिघींचंही लाल," मॅडम म्हणाल्या.

हिने नेत्राचा हात धरला. घराण्यात आहे, हेच सगळ्यांच्या मनात आलं असणार. मी हिच्याकडे बघून म्हटलं, नेत्राची आई तर दुसऱ्या घरातून आलेली. ते कोणी मनावर घेतलं नाही.

मॅडम पलीकडच्या खोलीत गेल्या, मदतनीस मुलीला चहाचं सांगायला. दार ओढून घेतलेलं. मला तर काहीच ऐकू आलं नाही. पण ताई बसल्या जागेवरून ओरडली, "माजे चहान साखर घाला! मना डायबेटीस नाय हाय!"

दार उघडलं. मॅडम उंबऱ्यात उभ्या. "आत्या, मी तिच्या कानात बोलले. वयस्कर आहेत, साखर कमी टाक म्हणून."

"मंग? कानान बोललीस त काय झाला?"

मॅडम हसायला लागल्या, आम्हाला काही कळेना. त्यांनी ताईला काचेच्या खोलीत बसवून ऐकण्याची तपासणी केली. सत्तरीच्या बाईला जे ऐकू यायला नको तेही तिला येत होतं. वर बाहेर येऊन विचारते, खोलीतला पंखा कुरकुरतो तो दुरुस्त का करत नाही?

मग मॅडमनी समजावून सांगितलं. मशीनमधली ठिपक्यांची चौकट दूरच्या देशातल्या गोऱ्या माणसांचे कान मोजून आखलेली आहे. बाया आणि बाप्ये एकाच चौकटीत. वंशावंशाच्या कानात फरक असतो, बाईच्या आणि बाप्याच्या कानात फरक असतो. आपल्याकडच्या बायकांची चण लहान, कानाची पोकळी लहान, पडद्याची हालचालही कमी मोजली जाते. इथे किनाऱ्यावरच्या कितीतरी बायकांचे कान त्यांनी तपासले, ऐकायला खणखणीत आणि मशीनवर लाल. "कान बिघडलेला नाही हो. माप तिचं नाही."

मला आमच्या लहानपणची भात मोजायची पायली आठवली. ही पायली त्या गावची, ती पायली या गावची, भात तेच, आणि बाजारात भांडण की तू कमी घातलंस. कमी कोणीच घातलेलं नसे.

"पण आजार नाही हे कशावरून?" नेत्राने विचारलं. हा प्रश्न तिनेच विचारला. मी तिच्या जागी असतो तर नमस्कार करून निघालो असतो.

"बरोबर विचारलंस," मॅडम म्हणाल्या. मोठा आवाज आला की कानातला एक इवलासा स्नायू हाड आवळतो. हाड कडक झालं असेल तर मशीनला ते आवळणं दिसत नाही. त्यांनी नेत्राच्या कानात आवाज सोडला. रेघ टुणकन हलली. दुसरा कान. हलली. पुन्हा, वेगळ्या आवाजाला. हलली. ऐकण्याची तपासणीही त्यांनी नव्याने केली. स्वच्छ.

नेत्राने दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

मी इतका मोकळा झालो की म्हटलं, मॅडम, आलोच आहे तर माझाही कान बघा. ही म्हणाली, "नको, त्यांना घाई आहे." नेत्रा उभी राहिली. पण मी खुर्चीवर बसलोसुद्धा. बोंडू घातला. माझा डोंगर चौकटीच्या बरोबर मधोमध उभा राहिला, पुस्तकात काढल्यासारखा. मी तिघींकडे वळून बघितलं. घरात एक तरी कान मापात निघाला. पण एकीनेही वर बघितलं नाही. हिच्या डोळ्यांत पाणी होतं. आनंदाचं असावं असं वाटलं.

नंतर माझ्या लक्षात आलं की खोलीतले सगळे माझ्या तोंडाकडे बघतायत. मॅडम माझ्या उजवीकडे उभ्या होत्या. त्यांनी काहीतरी विचारलं होतं.

मला काचेच्या खोलीत बसवलं. आवाज आला की बटण दाबायचं. बराच वेळ आवाज येईना. मला वाटलं मशीन बंद पडलं. काचेतून मॅडमकडे बघून मी हाताने खूण केली, सुरू करा. त्या खाली मान घालून काहीतरी लिहीत राहिल्या.

मशीन सुरूच होतं.

३१ जानेवारी

काल लिहिता लिहिता थांबलो.

मॅडम म्हणाल्या, पडदा आणि हाडं उत्तम आहेत, पण डोंगर काढणाऱ्या मशीनला ऐकण्यातलं काही कळत नाही. माझी आतली शीर थकली आहे. उजवा कान फार, डावा थोडा. किती वर्षं गाडी चालवता? पंचवीस. काच उघडी ठेवता? ठेवतो, वारा लागतो. हॉर्न, इंजिन, शेजारून जाणारे ट्रेलर, सगळं उजव्या कानात.

"म्हणजे हे घराण्यात नाही?" नेत्रा घाईने म्हणाली.

"घराण्यात नाही, गाडीत आहे. लिहून देते हवं तर."

तेव्हा नेत्रा रडली. त्यांना सगळ्यांना माहीत होतं. मला कमी ऐकू येतं हे आमच्या घरात दगडाला माहीत होतं, फक्त मला नव्हतं. कंपनीच्या डॉक्टरांना कळलं तर 'बाप बहिरा, घराण्यात आजार' असं लिहितील, म्हणून मला लपवत होते. ही नेहमी माझ्या डाव्या बाजूला बसते. मी ते प्रेम समजत होतो. तेही खोटं नसावं.

"इतके दिवस तुमच्या लक्षात कसं आलं नाही?" मॅडमनी मला विचारलं.

उत्तर ताईने दिलं. "आगऱ्याचे घरान कोन बहिरा झाला त दहा वर्सं समजत नाय. सगलीच वरडतान!"

दवाखानाभर हसू. मीही हसलो, या वेळी कळून. अल्पेशला त्या दिवशीचं पुटपुटणं विचारलं. तो म्हणाला, "मामा, मी म्हटलं, आई, हळू बोल, मामाला ऐकू येईल. मग मीच म्हटलं, नाही येणार."

रागवायला हवं होतं. राग आला नाही. पोरीच्या आड माझा कान येत नाही, एवढं कळलं आणि छातीवरचा कंटेनर कोणीतरी उचलून नेला.

३ फेब्रुवारी

पूनम मॅडमचा दाखला हातात आहे, दवाखान्याच्या सर्जननी सही केली आहे, आणि नेत्रा तो कंपनीत द्यायला तयार नाही.

तपासणीला सहा मुली होत्या. चौघी कानात अडकल्या. मुलगे कितीतरी होते, एकही अडकला नाही. त्यात करंजा गावची अमिषा आहे, वडील मच्छीमार. आपले कान खराब आहेत असंच ती समजून चालली आहे, घरचे ऑपरेशन करायला निघालेत.

"तिला फोन कर, सांग. पण आपला दाखला आधी देऊन ये," मी म्हटलं.

"माझा एकटीचा दिला तर म्हणतील, ही एक अपवाद. चौघींचा एकदम दिला तर?"

"आणि कंपनीला राग आला तर? म्हणतील, पोरगी आत्ताच पुढारीपण करतेय. तुझं झालंय ना नेत्रा? मग गप बस."

"बाबा," ती माझ्या डाव्या बाजूला येऊन, अगदी सावकाश म्हणाली, "त्यांनी ऐकलं नाही असं होऊ नये म्हणून तर सगळ्या एकत्र बोलणार आहोत."

मी जेवायला बसत नव्हतो. ताईने जेवायला लावलं.

९ फेब्रुवारी

अल्पेशच्या गाडीतून तिघींना पनवेलला नेलं. अमिषाचे आणि उरणच्या एकीचे कान नेत्रासारखेच, डोंगर बुटका, बाकी सगळं ठणठणीत. चौथी श्रीवर्धनची, तिच्या पडद्यामागे मात्र खरंच पाणी साठलं होतं, सर्दीचं. औषधाने जाईल म्हणाले. म्हणजे मशीन खोटं नाही. त्याला माणूस ओळखता येत नाही, इतकंच.

अमिषाने तिथूनच वडिलांना फोन लावला. ते समुद्रात होते. ती वाऱ्यावर ओरडत होती, "पप्पा, नको ऑपरेशन! काही नाही झालंय मला!" दवाखान्यातल्या कोणीही तिला हळू बोल म्हटलं नाही.

संध्याकाळी गावदेवीला गेलो. वडिलांची माफी मागून आज पहिल्यांदा मागितलं. आपल्या एकीसाठी मागायला लाज वाटली असती. चौघींसाठी मागताना वाटली नाही.

१४ फेब्रुवारी

कंपनीच्या डॉक्टरांनी चौघींना बोलावलं होतं. नेत्रा मला म्हणाली, चला. गेलो.

पूनम मॅडमनी सोबत पत्र दिलं होतं. डॉक्टरांनी ते दोनदा वाचलं. मला वाटलं आता चिडतात. ते म्हणाले, "मशीन लाल दाखवतं ते मी लाल लिहितो. ते कोणाचे कान मोजून लाल दाखवतं, हे मी कधी विचारलं नाही." मग पत्राची घडी घालत म्हणाले, "विचारायला हवं होतं." वरच्यांशी बोलून कळवतो म्हणाले.

मग माझ्याकडे वळून, मोठ्याने, "चहा घेणार?"

चौघीही हसायला लागल्या. म्हणजे नेत्राने सगळीकडे सांगितलेलं आहे.

१९ फेब्रुवारी

सहा आठवडे उद्या संपतात. निरोप नाही. लिहिण्यासारखं काही नाही. ताई तेलाची पळी घेऊन येऊ का विचारत होती. गुडघ्याला, म्हणाली.

२० फेब्रुवारी

झालं.

दुपारी मी उरणच्या नाक्यावर गाडीत होतो. फोन थरथरला. नेत्रा काय बोलत होती एक अक्षर कळेना, मी इंजिन बंद केलं, डाव्या कानाला लावला, तरी कळेना, कारण ती बोलत नव्हतीच. रडत होती. मागून ताईचा आवाज आला. तो कळायला मला कुठलाही कान चालतो.

"धर्मा! पोरी पास झाल्या रे!"

तिघी पात्र. श्रीवर्धनच्या मुलीची जागा महिनाभर राखून ठेवणार, पाणी गेलं की पुन्हा तपासणी. आणि यापुढे बायकांचं त्या मशीनवर लाल आलं तरी दुसऱ्या तपासण्या केल्याशिवाय कोणालाही अपात्र करायचं नाही, असं ठरलं.

मी उतरून गाडीच्या चाकाशी उभा राहिलो. मागे रांग लागली होती. लागू दे म्हटलं.

२६ फेब्रुवारी

माझ्या उजव्या कानात यंत्र बसवलं. वाटाण्याएवढं आहे. गाडी चालवताना काढून ठेवायचं आणि काच बंद करायची, असा हुकूम.

एक गोष्ट कळली. ही स्वयंपाक करताना मला शिव्या देते. अगदी हळू, भाकरी थापता थापता, लग्नापासूनच्या सगळ्या. मी ओटीवर बसून अर्धा तास ऐकल्या. बहुतेक खऱ्या आहेत. मग आत जाऊन पिंपात पाणी भरलं, कारण त्यातली एक पिंपाबद्दल होती. ती माझ्याकडे बघत राहिली.

३ मार्च

नेत्राचा कामाचा पहिला दिवस. अमिषा करंज्याहून आमच्याकडे आली, दोघी एकत्र गेल्या. डोक्यावर पांढरी हेल्मेट, अंगात नारिंगी जाकीट. ताईने दोघींची दृष्ट काढली.

मला आज त्याच यार्डात भाडं होतं. अल्पेशने मुद्दाम दिलं असणार, पण तसं म्हणाला नाही. रांगेत माझी गाडी पुढे सरकत गेली. वर तीन क्रेन चालू होत्या. केबिनच्या काचा उन्हात चमकत होत्या, आतलं माणूस दिसत नव्हतं. कोणत्या क्रेनमध्ये नेत्रा असेल ते कळेना. शिकाऊ म्हणून कोणाच्या तरी शेजारी बसवली असेल. एवढ्या उंचावर.

मग मी एक केलं. काच खाली घेतली आणि तिन्ही क्रेनना एकेक करून हात जोडले. एकीत तरी असेलच. मागच्या ड्रायव्हरने हॉर्न दिला, खिडकीतून डोकं काढून ओरडला, "ओ काका, देऊळ पुढे आहे!" माझ्या गाडीवर कंटेनर अगदी अलगद उतरला. मनाशी म्हटलं, तिचाच हात.

रात्री जेवताना हे सांगितलं. नेत्रा इतकी हसली की तिला ठसका लागला.

"बाबा, आज मी क्रेनवर नव्हतेच! आठवडाभर वर्गात बसवणार आहेत आम्हाला. दिवसभर पंख्याखाली फळ्याकडे बघत होतो."

"मग तो नमस्कार कोनाला गेला?" ताईने विचारलं.

मी विचार केला. तीन क्रेनवर तिघं जण होते. कोण, कुठले, माहीत नाही.

"ज्यांना मिळाला त्यांच्याकडे राहू दे," मी म्हटलं. "पुढच्या आठवड्यात पुन्हा करीन."